आठ शेड, एक मायक्रोमीटर

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो तशा आमच्या ओळीत गोष्टी साचायच्या. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच.

सत्तरच्या दशकातली साताऱ्याची औद्योगिक वसाहत. एका ओळीत आठ वर्कशॉप आणि आठही जणांचं काम एकच, साखर कारखान्यांचे आणि पंपांचे पार्ट. "एकमेकांच्या उरावर कशाला बसलाय?" लोक विचारायचे. अहो, ओळीत मायक्रोमीटर एकच होता. लांब जाऊन मोजणार कशानं?

*

माझ्या शेजारी सुभेदार, फौजेतून निवृत्त. त्यांच्या पलीकडे शंकरअण्णा. एका ऑर्डरवरून दोघांचं फाटलं आणि बोलणं बंद झालं. पण सुभेदारांकडं ग्राइंडर नव्हता. रोज सकाळी ते अण्णांच्या शेडमध्ये जायचे, टूलला धार लावायचे आणि मान वर न करता परत यायचे. मी अण्णांना छेडलं, तर म्हणाले, "भांडण माज्याशी हाय, ग्राइंडरशी न्हाई."

*

कराडचं एक गिऱ्हाईक तुटका शाफ्ट घेऊन आलं. अण्णा म्हणाले, तीन दिवस. मी म्हणालो, उद्या. शाफ्ट मला मिळाला, पण माझं मशीन मोकळं कुठं होतं? मागच्या दारानं तो अण्णांनाच दिला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक माझ्या दारात हजर. मी मागच्या दारानं अण्णांकडं पळालो. अण्णा शांतपणे म्हणाले, "मी तीन दिवस म्हनलो हुतो. तीनच लागनार."

*

शेवटी सुभेदार वैतागले. "एका गिऱ्हाइकामागं आठ जन. मी चाललो माणला, गावाकडं. तिथं दुसरा कुनी न्हाई." आम्ही हार घालून निरोप दिला.

तिथं खरंच दुसरं कुणी नव्हतं. गिऱ्हाईकही नव्हतं. साताऱ्याच्या ओळीत गेलं की आठांतला एक तरी काम करणारच, हे लोकांना ठाऊक. एकट्या सुभेदारांच्या भरवशावर कोण थांबणार? लेथचा बेल्ट तुटला की नवा आणायला सुभेदार एसटीनं साताऱ्याला. महिनाभरात एकजण आला, तोही मेंढरांची लोकर कातरायची कात्री घेऊन.

फौजेतून आल्यावर त्यांनी होतं नव्हतं ते त्या लेथमध्ये घातलं होतं. मला फार वाईट वाटलं. आधी हसू आलं, ते वेगळं.

*

दिवाळीनंतर सुभेदार ट्रकमध्ये लेथ घालून परत आले. त्यांच्या शेडमध्ये तोवर नवा लेथवाला बसला होता, आणि वसाहतीत दुसरी शेड रिकामी नव्हती. ट्रकवाला घाई करत होता. सुभेदार रस्त्यात उभे, टोपी हातात.

अण्णा उठले. सुभेदारांशी एक अक्षर बोलले नाहीत. आपलं ड्रिल मशीन कोपऱ्यात सारलं आणि आम्हाला म्हणाले, "हात लावा रं." लेथ अण्णांच्याच शेडमध्ये उतरलं.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. अण्णांचा रेट ऐकून म्हणालं, "लय सांगताय. दुसरीकडं बघतो."

अण्णांनी चार हातांवरच्या सुभेदारांकडं बोट केलं. "लांब कशाला जाताय? ह्यास्नी इचारा. आमचं शेजारी हायत."