डावीकडून येणारी गाडी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर उघडून बसले होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील. "नंदाताई, ह्यांना टेम्पोने उडवलं हो," एवढंच ती बोलली आणि पुढे नुसता रस्त्याचा गोंगाट ऐकू येत राहिला. मी डोंबिवलीला पोचेपर्यंत दादा गेला होता. हॉस्पिटलच्या दारात टेम्पोवाला हात जोडून उभा होता. "ताई, काका अर्धा रस्ता ओलांडून सरळ समोर बघत चाललेले. मी हॉर्न दिला, पण मी त्यांना दिसलोच नाही हो." मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. भर दुपारी, धडधाकट माणसाला टेम्पो दिसत नाही? आज दीड महिना झाला. तो माणूस खरं बोलत होता, हे आता मला कळलंय, आणि ते लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दादाने वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. केसाएवढा फरक तो नुसत्या नजरेने सांगायचा, मग मायक्रोमीटर लावायचा आणि बाकीच्यांची पडलेली तोंडं मजेत बघायचा. आमच्या कळव्याच्या जुन्या घरात तर हा नियमच होता. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं लागलंय की सरळ, यावर भांडण झालं की दादाला हाक मारायची, आणि तो जे म्हणेल ते आईपासून सगळ्यांनी मान्य करायचं. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याची नजर चुकू शकते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

रिटायर झाल्यावर त्याने एकच हट्ट धरला... तीन स्क्रीन लावून गाड्यांच्या शर्यती खेळायच्या. आयुष्यभर स्कूटर चालवलेला माणूस! "नंदे, मला समोरचा रस्ता आणि दोन्ही बाजूच्या खिडक्या, सगळं दिसलं पाहिजे." मी त्याला समजावून सांगितलं. एका स्क्रीनवर वीस लाखांच्या वर ठिपके, तिन्हींवर मिळून साठ लाखांच्या वर, आणि ते सगळे कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाने सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे. कार्डाची ताकद संपली की चित्र अडखळणार. तो शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता. पहिल्या दिवशी तिसरी स्क्रीन लागलीच नाही, कारण मी जोडायला आणलेला कन्व्हर्टरच चुकीचा होता. त्यावरून त्याने मला महिनाभर चिडवलं. दोन स्क्रीनमधल्या काळ्या कडा त्याने व्हर्नियरने मोजल्या आणि एका कागदावर आकडे लिहून दिले, म्हणजे रस्ता त्या कडांच्या मागून सलग गेल्यासारखा दिसावा. तसा तो दिसलाही. वहिनीने जेवायला हाक मारली की "पेट्रोल भरून आलोच" म्हणायचा.

आठेक महिने बरे गेले. मग एका रविवारी म्हणाला, "डावीकडची गाडी उशिरा येते गं. एकदम समोरच उगवते." मी केबल बदलली. कार्ड चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं टाकलं. काही फरक नाही. म्हटलं, कार्ड दमत असणार, म्हणून रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, कमी करून दिलं. पुढच्या खेपेला हा म्हणाला, "आता सगळंच पुसट झालंय, पण गाडी तशीच येते." मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून बघितलं. डाव्या स्क्रीनवर गाडी व्यवस्थित येत होती. मला ती स्पष्ट दिसली... अगदी कडेपासून. पण दादा म्हणतोय उशिरा येते, म्हणजे येत असणार. सेकंदाच्या साठ चित्रांतली एखादी फ्रेम कुठेतरी गळत असेल, ती माझ्या नजरेला नाही, त्याच्या नजरेला कळते, असं मी स्वतःला पटवलं. त्याला कौतुकानेच म्हटलं, "तुझे डोळे भारी आहेत रे. ही कार्डाची मर्यादा आहे, यापुढे काही होणार नाही." तो मान डोलावून पुन्हा खेळायला लागला.

तेराव्यानंतर मी आणि वहिनी भांडी आवरत होतो. दादाचं फुलपात्र पुसता पुसता ती सहज बोलली, "हे हल्ली रोज सांडायचं बघा. ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलं की हात लागून सांडणारच. चष्मेवाल्याने सांगितलेलं, बाजूचं कमी दिसतंय वाटतं, डॉक्टरकडून डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्या. मी किती मागे लागले. तर म्हणाले, डोळ्यांना काही झालेलं नाही, नंदीने सगळं तपासलंय, कार्डाची मर्यादा आहे."

ती मला दोष देत नव्हती. दिला असता तर बरं झालं असतं. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेले होते. त्याची खोली तशीच आहे. टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, तीन स्क्रीन, त्यांच्यावर वहिनीने टाकलेली जुनी चादर. चादर काढली आणि पहिल्यांदाच त्याच्या खुर्चीत बसले. इतके महिने मी मागे उभी राहून बघत होते. तो कुठे बघतो, तिथून त्याला काय दिसतं, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या मशीनपुढे मी आधी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसते. फक्त दादाच्या खुर्चीत बसले नाही. रिझोल्यूशन पहिल्यासारखं केलं, शर्यत सुरू केली आणि मान न हलवता मधल्या स्क्रीनवर नजर ठेवली. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक लाल गाडी आली. केबल ठीक होती, कार्डही ठीक होतं.

वहिनी दारात येऊन उभी होती. "दिसते का हो ती डावीकडची?" तिने विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण या घरात दिसण्याबद्दल माझं पुरेसं खोटं बोलून झालं होतं, तेही स्वतःशी.

"दिसते," मी म्हटलं. "लांबूनच दिसते, वहिनी."