गाड्यांच्या मोजणीत आमचा रस्ता

आमच्या गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता मी मोडला, असं गावात अजून म्हणतात. मीही फारसं नाकारत नाही. एवढं मोठं काम माझ्या नावावर दुसरं नाही.

गाव जामखेड तालुक्यातलं, खर्ड्याच्या अंगाला. दुष्काळात सरकारनं काम काढलं आणि उभ्या गावानं राबून तो चार मैलांचा रस्ता केला. बायकांनी खडी फोडली, गड्यांनी मुरूम ओढला. माझी धाकटी बहीण तेव्हा सहावीत होती. शाळा सुटली की आईबरोबर तीही मुरमाच्या पाट्या उचलायची. मी नगरच्या कॉलेजात दोनदा नापास होऊन परतलेलो, म्हणजे गावाच्या हिशेबात सुशिक्षित. मी कामावर सल्ले द्यायचो.

बहिणीला पुढं जामखेडच्या हायस्कुलात जायचं होतं. आमच्या वडिलांची, आबांची, अट एकच. एस.टी. गावात आली तर जायचं, नाही तर सातवी बास झाली. एस.टी.वाले म्हणत होते, रस्ता धड दिसला तर गाडी सोडू. म्हणजे सगळं येऊन ठेपलं डांबरावर. डांबर पडलं तर गाडी आणि गाडी आली तर आठवी.

दुष्काळ सरल्यावर, पुढच्या सुगीनंतर, बांधकामाचे साहेब गावात आले. देवळासमोर सतरंजी पडली, चहा झाला. डांबराचं विचारलं तर साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त खरं सांगायची त्याला सवय होती.

“अहो, मोठा पैसा असतो राष्ट्रीय महामार्गाचा. तो दिल्ली राज्यांना वाटते. ज्यांच्याकडे महामार्ग जास्त, त्यांना जास्त. आपल्या जिल्ह्यात तो रस्ता जातो संगमनेरवरून. तुमच्याकडून जातो का?”

“आन् राज्याचा पैसा?” आबांनी विचारलं.

“त्याचंही तसंच. जिथं वाहनं जास्त, तिथं आधी.”

मी सुशिक्षित असल्यामुळे उठून उभा राहिलो. म्हणालो, “साहेब, पंगतीत ज्याचं ताट भरलंय त्यालाच वाढपी पुन्हा वाढत असेल, तर त्याला आम्ही काय म्हणतो ठाऊक आहे? विहिरीवरच्या इंजिनाला डिझेल आम्हीही घालतो. त्यावरचा कर दिल्लीला जातो. तो जाताना नाही कुणी विचारत, तुमच्याकडून महामार्ग जातो का म्हणून.”

माणसं चमकून माझ्याकडं बघायला लागली. मला ते फार आवडलं. तिथंच माझं डोकं फिरलं.

साहेब म्हणाले, “वाहनं दाखवा, मी कागद पुढं सरकवतो. पुढच्या आठवड्यात या भागात वाहनांची मोजणी आहे. तुमच्या फाट्यावरही माणूस बसवतो.”

साहेबांची जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि मी गावाला योजना सांगितली. वाहनं पाहिजेत ना? मग गावातल्या झाडून सगळ्या बैलगाड्या जुंपायच्या. फाट्यावरून जामखेडच्या दिशेनं जायचं, ओढ्यातून वळसा घालून मागल्या वाटेनं गावात यायचं आणि परत त्याच रस्त्यानं फाट्यावर. दिवसभर, आठवडाभर. कुणालाही यात काही वावगं दिसलं नाही. उलट एक चुलते म्हणाले, “पोरगं नापास झालं, पर डोस्कं हाय.”

मोजणीवाला फाट्यावर चिंचेखाली खाट टाकून बसला. आमच्या गाड्या निघाल्या. कुणी कडबा भरला, कुणी बायकापोरं बसवली, कुणी नुसतीच मोकळी हाकली. बैलांच्या शिंगांना गोंडे बांधा म्हणून मीच सांगितलं होतं, रस्ता भरल्यासारखा दिसावा म्हणून. मी फाट्यावर उभा राहून येणाऱ्या गाडीकडं असं बघायचो, जणू हा गाडीवान मला आयुष्यात प्रथमच दिसतोय.

आठवडा संपायला आला तेव्हा आबा रस्त्यानं चालत फाट्यावर आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, “खाली बघ.”

आमच्या गाड्यांच्या लाकडी चाकांना लोखंडी धावा. खडीमुरमाच्या नव्या रस्त्यावर एखादी गाडी गेली तर चालतं. गावभरच्या गाड्या आठवडाभर एकाच ओळीत फिरल्या, तेव्हा खडी उखडून कडेला पडली आणि मधे दोन चाकोऱ्या पडल्या, पाय घातला तर घोट्याच्या वर याव्यात अशा. वाहनं आहेत हे सिद्ध करताना आम्ही रस्ताच संपवला होता.

तेवढ्यात मोजणीवाला खाटेवरून म्हणाला, “ओ पाव्हणं, त्यो एकशिंगी बैल काल सकाळधरनं चौथ्यांदा जामखेडला चाललाय. परत येताना मला कसा दिसत न्हाई?”

साहेब पुन्हा आले ते चाकोऱ्या बघायला. सगळं गाव गोळा झालं होतं. ते म्हणाले, “ट्रक शून्य, बस शून्य, आणि एकच बैल तुम्ही किती वेळा मोजायला लावलात. ही फसवणूक आहे.”

मला खरं तर मान खाली घालायला हवी होती. पण बायका माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या हातांवर खडीचे वण होते.

“साहेब,” मी म्हणालो, “दिल्ली दुसरं काय करते? तोच संगमनेरचा रस्ता दर वर्षी मोजते आणि दर वर्षी त्यालाच देते. आम्ही एक बैल चारदा मोजायला लावला, तर फसवणूक. रस्ता नाही म्हणून वाहन येत नाही आणि वाहन नाही म्हणून रस्ता देत नाही. हे गणित ज्यानं मांडलं, त्याला नापास कोण करणार?”

साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. डांबर आलं नाही. एस.टी.चा माणूस येऊन चाकोऱ्या बघून गेला आणि गाडीही आली नाही. गावानं चाकोऱ्या बुजवल्या. मला माती ठोकायचं धुम्मस दिलं आणि बडवत बसवलं. माती बसली, पण पहिल्या दोन सरींत पुन्हा उखडली. बहीण माझ्याशी बोलायची बंद झाली.

जूनमध्ये हायस्कूल उघडलं त्या सकाळी ती दप्तर घेऊन दारात उभी राहिली.

आबा म्हणाले, “गाडी आली न्हाई. ठरलं हुतं ना आपलं?”

“तुमचं ठरलं हुतं,” ती म्हणाली. “मी पाट्या उचलल्यात त्या रस्त्यावर. गाडी न्हाई तर न्हाई. मी फाट्यापर्यंत चालत जानार.”

आणि निघाली. मी मागोमाग सायकल ढकलत निघालो, तर म्हणाली, “तू मागंच ऱ्हा. तुझ्या डोक्यानं गेले तर मी ओढ्यातनं परत घरीच येईन.” बरंच अंतर गेल्यावर मी मागं बघितलं, तर आबा येत होते. त्यांनी तिच्या हातातलं दप्तर घेतलं.

फाट्यावर खर्ड्याहून जामखेडला जाणारी एस.टी. थांबली. कंडक्टरनं तिच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघून विचारलं, “कुठनं आलीस गं?”

तिनं गावाचं नाव सांगितलं.

“तिकडं रस्ता कुठाय?”

“हाय की,” ती म्हणाली. “तुमी येत न्हाई, एवढंच.”