धुक्याच्या राणीला खाली बसवलं, त्याची गोष्ट

शिंदखेड्याजवळच्या एका गावात सारिका बोरसे अंगणवाडी चालवते. बाई शांत, पण डूख धरला की नागिणीलाही मागं टाकेल, असं तिचा नवरा नवल म्हणायचा. थट्टेत म्हणायचा नाही.

हा डूख तिनं प्रेमराजवर धरला होता. प्रेमराज कॉलेजात तिच्या वर्गातला, धुळ्यात लग्नाचं शूटिंग करायचा. दहा-अकरा वर्षांपूर्वी त्याला खान्देशी बोलीत जादूचा, राक्षसांचा सिनेमा काढायची हौस आली. कॅमेरा होता, हौशी नट होते. नव्हती ती गोष्ट. ती सारिकानं दिली, धुक्याच्या किल्ल्यातल्या एका राणीची. पोरांना खिचडी वाढून झाली की भांड्यांच्या ढिगाशेजारी बसून तिनं ती लिहिली. ‘धुकाना किल्ला’चे तीन भाग निघाले. राक्षसांची कातडी केळीच्या सोपटांची, धुकं ओल्या काटक्यांच्या धुराचं. पण लोकांनी मोबाईलवर ते वेड्यासारखे पाहिले. चोपड्याच्या बाजारात बायका भाजी निवडता निवडता विचारायच्या, “राणी शेवटी मरस का वं?”

पडद्यावर ‘कथा’ या शब्दापुढं नाव प्रेमराजचं होतं. “घाईत राहून गेलं गं, पुढच्या भागात टाकू,” तो म्हणाला. तिन्ही भागांत ते राहून गेलं.

मग काही वर्षांनी त्यानं आणखी तीन सिनेमे काढले. राणी राणी कशी झाली, ही आधीची हकीकत. या वेळी सारिकाला त्यानं फोनसुद्धा केला नाही. वर एका मुलाखतीत सांगितलं की, राणी आपल्याला गच्चीवर उभं असताना सुचली. सारिकानं नव्यातला पहिला भाग स्वयंपाक करता करता लावला. दहाव्या मिनिटाला तरुण राणी लाल शालू नेसून आली आणि सिंहासनावर ऐसपैस बसली. सारिकानं फोन पोळपाटावर पालथा घातला. तव्यावरची पोळी करपली तरी तिला वास आला नाही.

कारण जुन्या तिन्ही सिनेमांत राणी एकदाही खाली बसत नाही. जेवते उभ्यानं, झोपते खांबाला टेकून. लहानपणी ती शेंगा फोडत बसलेली असताना तिची धाकटी बहीण विहिरीत पडली, म्हणून. तिसऱ्याच्या शेवटी ती विहिरीच्या काठावर पहिल्यांदा टेकते आणि धुकं होऊन विरून जाते. हे सारिकाला गच्चीवर सुचलेलं नव्हतं. तिची कमल आत्या अशीच होती. आत्याची मुलगी विहिरीत गेली तेव्हा आत्या बांधावर शेंगा फोडत बसली होती. त्यानंतर अकरा वर्षं तिनं बसून भाकर खाल्ली नाही. आत्या गेल्यावर सारिकानं तिला राणी केलं होतं. आणि या माणसानं तिला शालू नेसवून खुर्चीवर बसवलं.

“भांडून ये एकदाचं,” नवल म्हणाला.

“भांडणार नाही. त्याला सगळ्यांसमोर उघडा पाडणार.”

संधी जळगावला आली. खान्देशी बोलीच्या मेळाव्यात ‘पहिले तीन की नंतरचे तीन?’ अशी चर्चा ठेवली होती. आयोजक होते निवृत्त शिक्षक लीलाधर नाना. सारिकानं त्यांना पत्र लिहून तुलना मांडायला वेळ मागून घेतला. मग दीड महिना तिनं सहाही सिनेमे मिनिटामिनिटानं पाहिले.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत प्रेमराज, त्याच्या शेजारी नवी राणी झालेली निलोफर, धुळ्याची तरुण नटी. सारिकानं आधी गोडीनं सुरुवात केली. जुन्यातला किल्ला गरीब होता, नव्यातला संगणकावरचा, छान आहे. जुन्यात राक्षस धापा टाकायचे, नव्यातले उडतात. प्रेमराज मान डोलवत होता.

मागून कुणीतरी विचारलं, “ताई, नव्यामा चांगलं काहीच नही का?”

नव्यात एक जागा होती. राणी व्हायच्या आधीची पोरगी, म्हणजे निलोफरच, बहिणीची वेणी घालताना हसते, आणि हसता हसता गप्प होते. सारिकानं ती जागा मागं नेऊन पुन्हा पाहिली होती. असं आपल्याला लिहिता आलं नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “काहीच नाही. नटी नुसती नटली आहे.”

निलोफरनं मान खाली घातली. सारिकानं ते पाहिलं आणि पुढं गेली. ती प्रेमराजकडं वळली.

“भाऊ, राणी तुमना डोकामा जन्मनी ना? मग सांगा. जुन्या तीन सिनेमामा ती एकबी डाव खाले बसत नही. का?”

प्रेमराज हसला. “अहो, तेव्हा चांगली खुर्ची कुठं होती आमच्याकडं?”

आधी हशा पिकला, मग तो हळूहळू मावळला. सारिकानं आत्याची हकीकत सांगितली, आवाज न चढवता. लीलाधर नानांनी चष्मा काढला.

“हे सगळं बाईंनी आता रचलंय,” प्रेमराज उठून म्हणाला.

तेवढ्यात निलोफर उभी राहिली. “रचलेलं नाही. मी जुने सिनेमे पाहून सरांना विचारलं होतं, राणी बसत नाही ना? सर म्हणाले, जळगावहून नवीन सिंहासन आणलंय, बस. गोष्ट सरांची असती तर त्यांना माहीत असतं.”

प्रेमराज बाहेर पडला. कुणी त्याला थांबवलं नाही.

आठवड्यानं तो सारिकाच्या दारात आला. जुन्या तिन्ही भागांत नाव टाकतो म्हणाला. सारिकानं त्याला उंबऱ्याबाहेर उभंच ठेवलं. “नाव टाकशीलच. पण आधी व्हिडिओ काढून तुझ्या तोंडानं, आपल्या बोलीत सगळ्यांना सांगायचं. मी चोरी केली, या शब्दांत.” त्यानं सांगितलं. गोरामोरा चेहरा, दोन मिनिटांचा व्हिडिओ. सारिकानं तो सलग तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा तिला गोड वाटलं. माफ तिनं आजही केलेलं नाही.

मग तिनं निलोफरला फोन लावला. वेणीची ती जागा सहाही सिनेमांत सगळ्यात चांगली आहे, हे मनापासून सांगितलं.



“बाई,” निलोफर म्हणाली, “हे तुम्ही हॉलमध्ये सांगायला हवं होतं.” आणि तिनं फोन ठेवला.