सासूबाईंच्या हॉलमधला खिळा

माझे साडू विवेकराव अतिशय सज्जन गृहस्थ आहेत. त्यांच्याविरुद्ध माझी एकच तक्रार आहे, ती म्हणजे ते आहेत.

ही तक्रार एका खिळ्यावरून सुरू झाली. उस्मानपुऱ्यात आमच्या सासूबाईंचं घर आहे आणि त्या घरातल्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक खिळा आहे. माझं लग्न झालं त्या वर्षापासून या खिळ्यावर माझा फोटो होता. विद्यापीठाच्या मैदानावर पाच हजार मीटरची शर्यत जिंकून, हातात कप घेऊन उभा असलेला मी. (फोटोत मला केसही आहेत.) घरात दूधवाला येवो की नवे शेजारी, सासूबाई फोटोकडे बोट दाखवून सांगायच्या, "हे आमचे थोरले जावई. लई पळायचे." पुढे मी बँकेत लागलो, पळणं सुटलं, पोट सुटलं. पण खिळा माझाच होता. माणसाला आयुष्यात एक खिळा हक्काचा असला की बाकी काही लागत नाही.

मग एका दिवाळीला आम्ही फराळाला गेलो आणि पाहतो तर खिळ्यावर एक मेडल लोंबत होतं. लाल रिबीन, पितळी चकती, चकतीवर पळणारा माणूस.

"आई, इथं माझा फोटो होता," मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो.

"आहे की. फ्रिजवर ठेवलाय. पडदे धुतले तवा काढला व्हता."

"आणि हे?"

"अगं बाई, तुम्हाला सांगितलंच नाय का कुणी? धाकटे जावई पळाले. एकवीस किलोमीटर! एका दमात."

धाकटे जावई म्हणजे हे विवेकराव. वाळूजच्या एका कारखान्यात मॅनेजर. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं की कोलेस्टेरॉल वाढलंय, तूप बंद करा आणि रोज चाला. कुठलाही भला माणूस असं सांगितल्यावर पंधरा दिवस चालतो आणि मग गुडघ्याचं निमित्त काढून घरी बसतो. हे चालता चालता पळायला लागले आणि पळता पळता माझ्या खिळ्यापर्यंत पोचले. शाळेत असताना यांना पी.टी.च्या तासाला माफी होती, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

"अहो, जळू नका," परत येताना आमची सुनंदा म्हणाली.

"मी कशाला जळू?"

"मग आईनं दिलेल्या डब्यातले सगळे लाडू कशानं फुटले?"

डबा माझ्या मांडीवर होता. मी तो बहुधा जरा घट्ट धरला होता.

दुसऱ्याच आठवड्यात, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मी पुन्हा पळायला लागलो. म्हणजे बूट घालून विद्यापीठाच्या रस्त्यावर गेलो. तीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावरून मी असा पळायचो की बाजूची झाडं मागं जायची. आता झाडं जागेवरच होती आणि मीही. पहिल्या वळणावर श्वास लागला, दुसऱ्या वळणावर कमरेत उसण भरली आणि तिसऱ्या वळणावर विवेकराव भेटले. त्यांच्या कमरेला पाण्याच्या बाटल्या होत्या आणि मनगटावर बोलणारं घड्याळ. घड्याळ त्यांना इंग्रजीत शाबासकी देत होतं. आमच्या घरात मला मराठीतसुद्धा कुणी देत नाही.

"अरे वा, दिलीपराव! तुम्ही तर मुरलेले पळणारे," ते म्हणाले. "फक्त सुरुवातीला थोडं चाला. आणि झोप महत्त्वाची बरं का. मी नऊला अंथरुणाला पाठ टेकली की सकाळपर्यंत मेल्यासारखा झोपतो."

हे ऐकून मला त्यांच्या झोपेचा हेवा वाटायला लागला. घड्याळाचा, बुटांचा आणि पोटऱ्यांचा वाटतच होता. घामाचाही वाटायचा, कारण त्यांना घाम टीव्हीतल्या खेळाडूंसारखा कपाळावर थेंबाथेंबानं यायचा आणि मला बादली सांडल्यासारखा. पण झोपेनं कळस केला. मी अंथरुणावर पडलो की डोळ्यांसमोर ते मेडल हलायला लागायचं. उठून पाणी प्यायचो, पुन्हा पडायचो, आणि तिकडं एन-चारमधल्या त्यांच्या घरी विवेकराव मेल्यासारखे झोपले असतील या विचारानं तळमळत राहायचो.

तरी मी नेट सोडला नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पोट थोडं आत गेलं, पाय थोडे वळणावर आले आणि पावसाळ्यात शहरात होणाऱ्या अर्ध मॅरेथॉनमध्ये मी नाव घातलं. विवेकरावांच्या पुढं जायचं, मेडल आणायचं आणि खिळा परत घ्यायचा, एवढाच कार्यक्रम होता.

नेमका त्या वर्षी अधिक महिना आला.

अधिक महिना म्हणजे आमच्या मराठवाड्यात जावयांचा महिना. सासरी बोलावून धोंडे-जेवण घालतात. धोंडा म्हणजे कणकेत पुरण भरून केलेला चांगला मुठीएवढा गोळा, आणि त्यावर तूप. तूप थेंबानं वाढत नाहीत, धारेनं वाढतात. सासूबाईंनी फोन केला, "शनिवारी दुपारी दोघंबी जेवायला या. रविवारी तुम्ही पळून दमणार, मंग काय खाणार?"

रविवारी शर्यत आणि शनिवारी धोंडे! कुठलाही शहाणा पळणारा या निमंत्रणानं घाबरला असता. मला मात्र आनंद झाला. शर्यतीच्या आदल्या दिवशी विवेकराव उकडलेला बटाटा आणि मोजका भात खातात हे मला ठाऊक होतं. आणि सासूबाईंच्या आग्रहापुढं आजवर कुणाचा टिकाव लागलेला नाही हेही ठाऊक होतं. चार धोंडे पोटात गेलेले विवेकराव रविवारी कसे पळतात ते मला बघायचं होतं.

शनिवारी मी मुद्दाम लवकर गेलो आणि स्वयंपाकघरात डोकावून हळूच म्हणालो, "आई, विवेकरावांना आज जरा आग्रह करून वाढा. लाजतात ते. मागून घेत नाहीत."

सासूबाईंचे डोळे भरून आले. "साडू साडूची एवढी काळजी करतो, असं मी कुठं पाहिलं नाय," त्या म्हणाल्या.

पानं मांडली. पाटाभोवती रांगोळी, समोर समई. सासूबाईंनी विवेकरावांच्या ताटात धोंडा वाढला आणि त्याच हातानं माझ्याही.

"आई, मला बास. त्यांना वाढा," मी म्हणालो.

"मला दोन्ही जावई सारखे. एकाला वाढलं की दुसऱ्याला वाढणारच. उद्या कुणी म्हणायला नको, धाकट्याला जास्त दिलं."

मी पुन्हा डोळ्यांनी खुणावलं, विवेकरावांकडं. त्या मानेनं "व्हय व्हय" म्हणाल्या आणि दोन धोंडे घेऊन आल्या. एक त्यांना, एक मला. मी जितक्या खुणा करत होतो तितके धोंडे जोडीनं बाहेर येत होते. मी गिळत होतो, कारण विवेकरावही खात असतील अशी माझी समजूत होती. शेवटी बाजूला पाहिलं तर त्यांच्या ताटात पहिला धोंडा नुसता टोकरलेला आणि बाकीचे ओळीनं बसलेले.

"आई, रागावू नका," ते हात जोडून म्हणाले. "डॉक्टरांनी तूप बंद केलंय. कोलेस्टेरॉल."

"अगं बाई! विसरलेच मी," सासूबाई कळवळल्या. "नका खाऊ. जिवापेक्षा का धोंडे जास्त? पण जावयासाठी बाहेर आणलेला धोंडा माघारी नेत नाहीत हो. दिलीपराव, तुम्हाला तर काहीच आजार नाय. तेवढे घ्या तुम्ही."

आणि विवेकरावांचं ताट माझ्या ताटात रिकामं झालं. त्या क्षणी मला त्यांच्या कोलेस्टेरॉलचाही हेवा वाटला.

जेवणानंतर आहेर झाला. दोघांना टॉवेल आणि पांढरी टोपी. "उद्या पळताना डोक्यावर घाला," सासूबाई म्हणाल्या, "मी कोपऱ्यावर ओवाळायला उभी ऱ्हाते." विवेकरावांनी टोपी कपाळाला लावून पिशवीत ठेवली. त्यांची पळायची टोपी वेगळी असते म्हणे, घाम शोषणारी. मी मात्र खिळ्याकडं बघत म्हणालो, "आई, मी हीच घालून पळणार."

रविवारी सकाळी मी पांढरी टोपी, छातीवर नंबर आणि पोटात कालचे धोंडे घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभा होतो. ते धोंडे अजून जसेच्या तसे आहेत हे मला आतून जाणवत होतं. शर्यत सुटली आणि विवेकराव दिसेनासे झाले. क्रांती चौकात रस्त्याकडेची माणसं मला बघून टाळ्या वाजवायला लागली. मला बरं वाटलं. मग त्यातल्या एकानं विचारलं, "काका, कोणत्या पक्षाकडून?"

पुढं एका चहाच्या टपरीवर बसलेले म्हातारे गृहस्थ मायेनं म्हणाले, "चचा, जल्दी नक्को करो. ऐसाच आराम से चलते जाओ."

मी त्या वेळी जोरात पळत होतो.

उस्मानपुऱ्याच्या कोपऱ्यावर सासूबाई ताट घेऊन उभ्या होत्या. विवेकराव तिथून गेले तेव्हा वाऱ्यानं निरांजन पेटत नव्हतं, त्यामुळं ते नुसते हात जोडून सुटले होते. माझ्यापर्यंत निरांजन छान पेटलं होतं. बाजूनं शेकडो लोक धावत जात होते आणि मी पूर्वेकडं तोंड करून उभा होतो. कुंकू लागलं, अक्षता पडल्या, सुपारी-अंगठी ओवाळून झाली.

"आई, उशीर होतोय."

"व्हईना. तोंड उघडा." आणि तोंडात पेढा आला.

त्या पेढ्यानं निकाल लावला. तो आत जाताच कालच्या धोंड्यांनी जागा सोडायची एकमुखी मागणी केली. मी सासूबाईंना एवढंच विचारलं, "आई, घर उघडं आहे ना?" आणि त्या दिवसातला माझा सर्वांत वेगवान टप्पा त्या कोपऱ्यापासून त्यांच्या घरापर्यंत पळालो. तिथं मेडल देत असते तर पहिलं मलाच मिळालं असतं.

सुटका झाल्यावर बाहेर आलो. पायांत गोळे आले होते. हॉलमध्ये पंखा चालू होता आणि दिवाण रिकामा होता. बुटाची नाडी बांधायला म्हणून मी क्षणभर टेकलो. समोर खिळा, खिळ्यावर विवेकरावांचं मेडल. थांब लेका, आलोच, असं मी त्याला मनातल्या मनात म्हणालो. नाडीची एक गाठ बांधल्याचं मला आठवतं.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. सासूबाई कोपऱ्यावरच होत्या. मी निघून गेलो असणार असं धरून त्या येणाऱ्या प्रत्येक धावकाला ओवाळत होत्या. (तीन पोलिसांनाही ओवाळलं.) तिकडं शेवटच्या रेषेवर सुनंदा माझा मोबाईल पर्समध्ये घेऊन थांबली होती. विवेकराव आले, मेडल गळ्यात पडलं. मग सगळे आले. काठी टेकत पळणारे एक आजोबाही आले. सगळ्यांत मागून येणारी रुग्णवाहिका आली तेव्हा सुनंदानं धावत जाऊन तिच्यात डोकावून पाहिलं. त्यातही मी नव्हतो. ती तिथंच रडायला लागली.

आणि विवेकराव, एकवीस किलोमीटर पळून आलेले विवेकराव, तिला म्हणाले, "ताई, तुम्ही थांबा. मी बघतो." आणि आल्या रस्त्यानं मला शोधत उलटे पळत सुटले. प्रत्येक टपरीवर विचारत होते, "पांढरी टोपी घातलेले गृहस्थ पाहिले का?" टपरीवाले सांगत होते, "चलते चलते उधर गये." शेवटी कोपऱ्यावर सासूबाईंना आठवलं, की मी घर उघडं आहे का विचारलं होतं, आणि तिथूनच सुनंदाला फोन गेला.

मी जागा झालो तो गलबल्यानं. डोळे उघडले तर समोर घामाघूम विवेकराव, बाजूला डोळे पुसणारी सुनंदा, मागं ताट घेतलेल्या सासूबाई आणि दारात अर्धी गल्ली. माझी टोपी नाकावर आली होती, तोंड उघडं होतं आणि एक बूट सुटलेला होता.

"शर्यत?" मी विचारलं.

"संपली," विवेकराव हसून म्हणाले. "काही नाही हो दिलीपराव, पुढच्या वर्षी." आणि खाली वाकून त्यांनी माझ्या सुटलेल्या बुटाची नाडी बांधली. अशा माणसाचा राग करायचा तरी कसा? मी पुष्कळ प्रयत्न केला.

"देवमाणूस आहे," सासूबाई सद्गदित होऊन म्हणाल्या. त्या माझ्याबद्दल बोलत नव्हत्या. गल्लीनंही मान डोलावली, आणि संध्याकाळपर्यंत उस्मानपुऱ्यात मेडलापेक्षा त्या उलट्या धावण्याचीच चर्चा जास्त होती. मला उठवायच्या आधी सुनंदानं मोबाईलवर माझा फोटो काढला होता. बायकोनं रडत रडत काढलेला फोटो इतका स्पष्ट कसा येतो, मला समजत नाही.

मात्र एक सांगायला हवं, की खिळा मला परत मिळाला. पुढच्या वेळी गेलो तेव्हा विवेकरावांची मेडलं काचेच्या नव्या कपाटात गेली होती आणि खिळ्यावर चौकटीत माझा फोटो होता. जुना नव्हे. दिवाणावर आडवा, टोपी नाकावर, छातीवर नंबर, तोंड उघडं. सासूबाई दूधवाल्याला सांगत होत्या, "हे आमचे थोरले जावई. आमच्या घरी आले की असे निवांत झोपतात बघा. याला म्हणतात माया."

हल्ली मी त्या फोटोकडं बराच वेळ बघत बसतो. रात्री मला अजून झोप येत नाही, डोळ्यांसमोर ते काचेचं कपाट येतं. आणि फोटोतला तो माणूस मात्र विवेकरावांच्या मेडलसमोर तोंड उघडं टाकून बिनघोर घोरतोय. खरं सांगतो, विवेकरावांचा हेवा परवडला, पण हा माणूस मला अजिबात बघवत नाही.