पहिल्या नंबरला काय टाकायचं

माझा सत्कार झाला तेव्हा मी नोकरीला लागलेच नव्हते. नुसतं ऑफर लेटर होतं. शेवटच्या वर्षाला नांदेडच्या आमच्या कॉलेजात एक कंपनी आली, एका दिवसात अर्धा वर्ग निवडून गेली आणि सगळ्यांना ईमेल आले. पप्पांनी ते पत्र आमच्या गावच्या, लातूरजवळच्या मुरुडच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून आणलं. एप्रिलमध्ये जयंतीच्या स्टेजवर, विहारासमोर, मला शाल आणि गुच्छ दिला. वस्तीतली पहिली सॉफ्टवेअर इंजिनिअर, असं माइकवरून तीनदा सांगितलं. पप्पा वीज कंपनीत वायरमन, त्यामुळे स्टेजची लायटिंग त्यांच्याकडेच. माझं नाव पुकारलं तेव्हा ते हातातली पक्कड न ठेवताच टाळ्या वाजवत होते. मीही मग भाषण ठोकलं, पुढं गेलेल्यानं मागच्याला हात द्यायचा वगैरे. ते भाषण आठवलं की अजून कान तापतात.

जॉइनिंग जुलैत होतं. चार दिवस आधी मेल आला, रुजू होण्याची तारीख नंतर कळवण्यात येईल. नंतर म्हणजे कधी, असं विचारलं तर आपला मेल मिळाला, धन्यवाद, एवढंच उत्तर आलं. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा धन्यवाद. कंपनी सभ्य होती, त्याबद्दल वादच नाही.

ठरलेल्या दिवशी पप्पांचा फोन आला. मागं चार माणसांचे आवाज, म्हणजे फोन स्पीकरवर. झालं का जॉइन, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, झालं, सध्या घरूनच काम आहे म्हणे, नेट चांगलं म्हणून नांदेडलाच थांबते. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. मागचे चौघं मला अभिनंदन म्हणाले आणि मी थँक्यू म्हणाले.

मग नांदेडला भाग्यनगरातल्या खोलीत माझी नोकरी सुरू झाली. सकाळी नऊला अंघोळ करून लॅपटॉपसमोर बसायचं, घरचा फोन आला की कापायचा आणि मीटिंगमध्ये आहे असा मेसेज टाकायचा. आधी फुल स्टॅक, म्हणजे अख्खी वेबसाइट एकटीनं बनवायचं, शिकायला घेतलं. तीन आठवड्यांनी एका व्हिडिओत एक शहाणा म्हणाला, ते आता कोण विचारतंय, क्लाउड शिका. क्लाउड उघडलं तर दुसरा म्हणाला डेटा. एक सीनियर म्हणाला, टेस्टिंग घे, सपोर्ट घे, काहीही घे पण आत शीर, आत गेल्यावर बदलता येतं. दुसरीनं बजावलं की सपोर्टमध्ये गेलीस की तिथंच कुजशील. आणि सगळ्यांचं शेवटी एकच, नवीन पोरांचं काम आता एआयच करतं. डोक्याचा पार भुगा झाला होता. मांडी घालून दहा मिनिटं बसवत नव्हतं. जेवताना पाय हलायचा, झोपताना हलायचा.

खोलीत माझ्याबरोबर देगलूरची एक मुलगी होती, सरकारी परीक्षांचा अभ्यास करणारी. तिला सगळं माहीत होतं. ती एकदा म्हणाली, "तू बसस्टँडवर उभी राहून नुसत्या पाट्या वाचायलीस. एका गाडीत तरी बस की गं." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. खरं बोललेलं मला तेव्हा अजिबात सहन व्हायचं नाही.

ऑगस्टमध्ये पप्पांनी बोलावून घेतलं. त्यांच्यासोबत लाइनवर काम करणारे एक काका आहेत, कंत्राटावर, पप्पांच्या जोडीला अकरा वर्षं झाली. त्यांच्या मुलीला सीईटीला चांगले मार्क पडले होते आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायला दोनच दिवस उरले होते. कोणतं कॉलेज, कोणती शाखा, पसंतीच्या क्रमानं लिहायचं असतं. काकांचं म्हणणं असं की ताई सांगेल तेच पहिल्या नंबरला टाकायचं. मी काम आहे असं सांगून बघितलं. पप्पा म्हणाले, शनिवारी तुमच्या कंपनीला सुट्टीच असती ना. आता काय बोलणार, कपाळ माझं. लातूरला गाडी बदलून मुरुडला गेले.

काका आणि त्यांची मुलगी अकराला आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलीनं वहीत यादी करून आणली होती, अगदी नेटकी. तिला कॉम्प्युटर हवं होतं, खाजगी कॉलेजात. दुसरीकडे सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळण्यासारखं होतं. मी त्यांना नियम समजावला, पहिल्या फेरीत पहिल्याच नंबरचं मिळालं तर ते पक्कं, मग मागं फिरता येत नाही. म्हणून पहिला नंबर जपून. काका मान हलवत होते. पप्पा माझ्याकडे असे बघत होते की मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

काकांनी विचारलं, मग ताई, काय टाकायचं?

मी म्हणाले, इलेक्ट्रिकल. सरकारी कॉलेज आहे, कॉम्प्युटरमध्ये आता फार गर्दी झालीये, नवीन मुलांना घेत नाहीत कुणी. हे सगळं खरं होतं. माझं काय झालंय तेवढं सोडून सगळं खरं होतं.

पप्पा आधी हसले, त्यांना वाटलं चेष्टा करतेय. मुलीनं वही मिटली. काका काहीही राग न आणता म्हणाले, "बरोबर हाय ताई. एका वस्तीत दोन-दोन सॉफ्टवेअर इंजिनिअर कशाला."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना वाटलं, हिला आपल्या पोरीनं बरोबरीला यावं असं वाटत नाही. स्वतः खुर्चीत बसली आणि आता दार लावून घेतेय. काका उठायला लागले. पप्पांचा चेहरा काळवंडला. ते मला म्हणाले, स्टेजवर काय बोलली होतीस गं तू? माझ्याच माणसासमोर मला मान खाली घालायला लावलीस.

मला इतकं झोंबलं की विचार करायला वेळच राहिला नाही.

"पप्पा, मला जॉइनिंग मिळालंच न्हाई. मी घरूनबी काम करत न्हाई. मी कुठंच काम करत न्हाई."

मम्मी चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. काका पुन्हा खाली बसले. मी मेल दाखवला, धन्यवादाचे दोन्हीही दाखवले. पप्पांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा नसल्यामुळे लांब धरला, आणि बराच वेळ वाचत राहिले. मी शिव्यांची वाट बघत होते.

"खोटं बोललीस त्याचं मागून बघू," ते म्हणाले. "आधी पोरीचा फॉर्म भर."

लॅपटॉप उघडला. मुलगी जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, ताई, तुम्हाला परत भरायचा असता तर काय टाकलं असतं? मी उत्तर शोधायला लागले आणि तोंडातून निघून गेलं, कॉम्प्युटरच. माझाच मला राग आला. दोन महिने ज्याच्या नावानं बोटं मोडली तेच परत टाकणार म्हणे.

मग मला नको का म्हणालात, तिनं विचारलं.

मला तुझ्यासाठी भीती वाटली, मी म्हणाले.

"माझी भीती मला वाटू द्या ना, ताई."

सतरा-अठरा वर्षांची पोर. तिनं पहिल्या नंबरला कॉम्प्युटर टाकलं, दुसऱ्याला इलेक्ट्रिकल. ओटीपी काकांच्या मोबाइलवर आला, तो त्यांनी एकेक आकडा करून वाचला. फॉर्म गेला. जाताना काका मम्मीला फक्त चहा चांगला होता म्हणाले. पप्पांनी तर पुढं काय करणार आहेस, हेही विचारलं नाही. त्यापेक्षा चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण रात्रीच्या वाऱ्यानं कुठली तरी लाइन पडली होती म्हणून पप्पा लवकर गेले आणि डबा विसरले. की मुद्दाम ठेवून गेले, देव जाणे. मम्मीनं मला पिटाळलं. लातूरच्या रस्त्याला एका सोयाबीनच्या रानाच्या कडेला त्यांची मोटारसायकल दिसली. पप्पा खांबाखाली उभे होते. त्यांनी सबस्टेशनला फोन लावला, लाइन बंद केल्याची खात्री करून घेतली आणि काकांना म्हणाले, बंद हाय, चढ. काकांनी कमरेचा पट्टा आवळला आणि चढले.

मी डबा पुढं केला. पप्पांनी तो घेतला, पण नजर वरच होती.

"मी लाइन बंद हाय म्हणलं म्हणून तो वर चढला," ते म्हणाले. "अकरा वर्षं झाली, एकदाबी त्यानं मला दुसऱ्यांदा विचारलं न्हाई. काल माझ्याच घरातलं खोटं त्यानं डोळ्यानं बघितलं. मला वाटलं, आज इचारील."

काका वर तारेला हात घालून काम करत होते.

"न्हाई इचारलं," पप्पा म्हणाले. मी त्यांच्या शेजारी, काका खाली उतरेपर्यंत, तशीच उभी राहिले.