आओरिता आणि दारातले बूट

माझं शिक्षण आठवीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत. पण ड्रायव्हरकी करताना मागच्या सीटवरचं इतकं कानावर पडतं की किस्से नको म्हटलं तरी साचतात, डिकीतल्या रिकाम्या बाटल्यांसारखे!

देवगाव फाट्याजवळ सोलरचं काम चालू आहे. एका शेतकऱ्याचं घर भाड्यानं घेऊन साइटचं ऑफिस केलंय. तिथले तीन इंजिनिअर परदेशी. राऊलसाहेब पेरू देशाचे, मेमोसाहेब मेक्सिकोचे आणि योलीमॅडम डोमिनिकन बेटावरच्या. तिघांची भाषा एकच, स्पॅनिश. मी त्यांची जीप चालवतो.

पहिल्या दिवशी राऊलसाहेब म्हणाले, "आओरिता!" मोबाइलनं अर्थ सांगितला, 'आत्ताच'. मी सेल मारेपर्यंत साहेब गाडीत! मनात म्हटलं, जमली आपल्याला स्पॅनिश.

*

मग मेमोसाहेब आले. तेही म्हणाले, "आओरिता!" मी एसी लावून जीप दारात उभी केली. तासानं आत डोकावलं तर साहेब निवांत चहा पीत होते. मला हात करून म्हणाले, "आओरिता, आओरिता!"

आमचे सुपरवायझर बालाजीभाऊ ओरडले, "गाडी जाग्यावर अन् डिझेल पळायलंय का रे?"

*

योलीमॅडमनी सकाळी दहाला तोच शब्द म्हटला. मी दारात हॉर्न वाजवत राहिलो. मॅडमनी बाहेर येऊन घड्याळात चारवर बोट ठेवलं. त्यांच्या बेटावर आओरिता म्हणजे नंतर, सवडीनं!

*

मग मीही सवडीनं घेतलं. पुढच्या आओरिताला चहा प्यायला फाट्यावर गेलो. पण तो राऊलसाहेबांचा होता! ते अर्धा तास उन्हात उभे. तक्रार झाली.

"अजून एक तक्रार आली की चावी टेबलावर ठेवायची अन् राणीसावरगाव गाठायचं!" बालाजीभाऊ म्हणाले.

राणीसावरगाव म्हणजे माझं गाव. गावाकडं आईनं गल्लीभर सांगितलं होतं, पोरगं कंपनीत लागलं.

*

दुपारी जेवताना धीर करून तिघांनाच विचारलं, खरा अर्थ कोणता? तर त्यांचंच भांडण जुंपलं! राऊलसाहेबांनी टेबल आपटलं. मॅडम घड्याळातल्या चारवर बोट ठेवत होत्या. मेमोसाहेब नुसते हसत होते.

आमचे जुने ड्रायव्हर गंगाधरमामा भाकरी मोडत म्हणाले, "भांडायलेत कशाला? आमचा मेव्हणा 'आलोच' म्हणून उठला अन् पोळ्याला उगवला!"

मग माझ्याकडं वळले. "येड्या, तोंडाकडं काय बघायलास? पायाकडं बघ!"

खरंच की! घरमालकीण मावशी कुणालाच बूट घालून आत येऊ देत नाहीत. तिघांचे बूट दारात रांगेत असतात. लेस बांधायला बसला की माणूस निघाला! त्या दिवसापासून माझी एकही चूक नाही.

*

मेमोसाहेब मुलीच्या लग्नाला मेक्सिकोला निघाले, त्या दिवसाची गोष्ट. सेलूहून मुंबईची रेल्वे पकडायची होती. बॅगा जीपमध्ये टाकल्या. बालाजीभाऊ म्हणाले, "रेल्वे चुकली तर तुझं काय खरं न्हाई."

साहेब आत एकेकाला मिठ्या मारत होते. "आओरिता!" बूट दारातच. परत "आओरिता!" बूट दारातच.

मला कुणाशी मान वर करून बोलायची हिंमत होत नाही. मी गुपचूप त्यांचे बूट उचलले, पुढच्या सीटवर ठेवले आणि जीप चालू केली.

साहेब धावतच आले. पायात मावशीच्या रबरी चपला!

सेलूला पोचलो तेव्हा शिट्टी झाली होती. बॅगा आत ढकलल्या, साहेबांना चढवलं आणि माझा जीव भांड्यात पडला. साहेब दारातून हात हलवत ओरडले, "आओरिता!"

बालाजीभाऊंना फोन लावला. "बसले साहेब."

"लय भारी! चावी राहू दे तुझ्याजवळच."

हसतच जीपमध्ये बसलो, तर बूट सीटवर तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरून मावशींसाठी नव्या चपला आणल्या. मग त्या बुटांना पॉलिश केलं, लेस सैल केल्या आणि दारात, रांगेतल्या त्यांच्याच जागेवर नेऊन ठेवले.