चार जेवणांची वाट

जयसिंगपूरच्या स्टँडवर आईनं माझ्या मांडीवर दशम्यांचं गाठोडं ठेवलं, तेव्हा मी नुकतीच लग्न झालेली, फार शहाणी बाई होते. नवरा हैदराबादला नोकरीला, म्हणजे मी आता शहरची. "तिकडं सगळं मिळतंय की," म्हणून मी ते सीटखाली ढकललं. आई एवढंच म्हणाली, "चार जेवणांची वाट हाय, बाई."

आमच्या कुरुंदवाडच्या घरात लांबचा प्रवास असाच मोजत. मैल कुणाला ठाऊक? दुधात मळलेल्या दशम्या किती करायच्या, एवढं कळलं की झालं.

सोलापूर यायच्या आत या शहरच्या बाईनं निम्मं गाठोडं संपवलं. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. मी रडतेय असं वाटून बिचारा खिडकीबाहेर बघत राहिला. रडतही होते म्हणा, पण तोंडात घास होता.

मग इथं वरणाला पप्पू म्हणायला शिकले. कॉलनीत माझ्या तेलुगूला हसतात आणि माहेरी माझ्या मराठीला. जे गाव सोडून गेलात त्यांना हे सांगायला नको. आई गेल्यावर गाठोडं वैनीनं, भावाच्या बायकोनं, चालू ठेवलं. निघायच्या आदल्या दिवशी तिचा एकच प्रश्न असायचा, "वन्सं, किती जेवणं?"

यंदा पहिल्यांदाच परतीचं तिकीट विमानाचं. भाच्यानं मोबाइल पुढं केला. "आत्या, सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर. तासाभरात हैदराबाद."

वैनी म्हणाली, "मग काय, हितनं जेवून निघायचं, तिकडं जाऊन चूळ भरायची." आणि पिठाच्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

या घरातून मी रिकाम्या हातानं कधी निघाले नव्हते. रिकाम्या हातानं पावणं जातात, लेक नाही. पण मागायचं कसं? या वयात?

मी म्हटलं, "वैनी, विमानाचा काय भरवसा? ढग आले की वरच घिरट्या घालत बसतंय."

"व्हय?"

"व्हय की. माणसं उपाशी."

भाचा फिसकन हसला. वैनी हसली नाही. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, झाकण काढलं आणि परात ओढली. "किती जेवणं?"

"दोन."

"चारांच्या करते. ढगाचा काय नेम."

उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमान उडालं. त्या दिवशी आकाशात औषधाला ढग नव्हता. गाठोड्याची गाठ सुटायच्या आत उतरायची घोषणा झाली.

घरी नात म्हणाली, "आजी, किती लवकर पोचलीस!" रात्री एक दशमी खाल्ली, सकाळी एक, दुपारी एक, शेंगदाण्याच्या चटणीशी, कुणाला न देता. ती सवय तशीच आहे. शेवटची दुसऱ्या रात्री खाल्ली, फडकं झटकून त्याची घडी केली, आणि तेव्हा कुठं मी हैदराबादला पोचले.